मावशींनी तिघांना एकाच वेळी हॉलवर बोलावलं

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, पण बुकिंगची मारामारी त्याच्या कितीतरी आधीच चालू झालेली असते. नाशिकला माझा छोटा स्टुडिओ आहे. लोक येतात, इन्स्टावरची रील्स बघूनच आलेले असतात, त्यामुळे प्रश्न दोनच, पॅकेज काय आणि त्यात प्री-वेडिंग फ्री देणार का. ड्रोन आहे म्हटलं की विषयच संपला. मग मीपण त्यांना हवं तेच दाखवतो, सगळ्यात देखण्या नवरीचे सगळ्यात देखणे फोटो, बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम, चहा, ॲडव्हान्स.

गेल्या सीझनला एक मावशी आल्या. नवरीची सख्खी मावशी, बँकेच्या लीगल डिपार्टमेंटमधून रिटायर झालेल्या. सोबत नवरी होती, तिचे वडील होते, पण बोलायचं खातं मावशींकडे. मी अल्बम पुढे सरकवला, त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "हे तुमचे मेरिटमध्ये आलेले फोटो झाले हो. मला एखाद्या साध्या लग्नाचे सगळेच्या सगळे दाखवा, सीमंतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंत."

आता खरं सांगायचं तर असं कुणी मागत नाही आणि आम्हीपण आपणहून दाखवत नाही, कारण पूर्ण लग्नात ट्यूबलाईटखालची पंगत पण असते, घामाघूम झालेले काका पण असतात आणि फोटोग्राफर किती पाण्यात आहे ते तिथंच कळतं. लावलं एक लग्न कॉम्प्युटरवर. मावशी चष्मा लावून बघत होत्या, देखण्या फोटोंवर थांबतच नव्हत्या, थांबल्या कुठे तर मंगलाष्टकांवर. "अंतरपाट निघाला तेव्हा तुमची माणसं कुठं उभी होती?"

ज्यांनी लग्नं शूट केलीत त्यांना कळेल हा प्रश्न काय आहे ते. शेवटचं मंगलाष्टक संपतं, वाजंत्री सुरू, अक्षतांचा पाऊस, अंतरपाट बाजूला आणि हार, हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि त्याच वेळी स्टेजवर दोन कॅमेरे, एक गिंबलवाला (कॅमेरा हलू न देणारा दांडा घेऊन फिरणारा), लाईट धरलेला पोरगा अशी भिंत उभी राहते, की समोर बसलेल्या पाहुण्यांना नवरानवरी नाही तर आमच्या पाठी दिसतात. मी सांगितलं, स्टेजवर मी एकटाच, गुरुजींच्या मागे कडेला, दुसरा माणूस खाली लांब, दूरचं जवळ आणणारी सत्तर-दोनशे लेन्स घेऊन, व्हिडिओ स्टँडवर. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मग पुढचं, त्या तारखेला तुम्ही स्वतः येणार की बदली माणूस? (दाट तिथीला एकच स्टुडिओ चार-चार लग्नं घेतो आणि रोजावर पोरं पाठवतो, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे.) कार्ड खराब झालं तर? म्हटलं कॅमेऱ्यात दोन स्लॉट आहेत, फोटो दोन्हीकडे एकदम सेव्ह होतो. बरं, म्हणाल्या, आणि उठून गेल्या. ॲडव्हान्स नाही, काही नाही.

नंतर फोन आला, संध्याकाळी गंगापूर रोडच्या हॉलवर या, कॅमेरा घेऊन. मुहूर्त गोरज होता, म्हणजे त्या वेळचा उजेड बघायचा असेल असं समजून गेलो तर गेटवर आमच्याच लाईनीतले दोघं उभे. एक सीनियर, ज्यांच्याकडे मी स्वतः लाईट धरायला म्हणून लागलो होतो, आणि एक पंचविशीतला कँडिडवाला, म्हणजे पोझ न देता नकळत फोटो काढणारा पोरगा. तिघांच्या खांद्याला बॅगा आणि तिघंही एकमेकांना "इकडे कुठे?" विचारतोय.

मावशींनी आजींना आणलं होतं, नवरीच्या. स्टेजवर खुर्चीत बसवलं, मागे एलईडी वॉल लावायला सांगितली, डेकोरेटरचे गुलाबी लाईट पण चालू, लग्नाच्या दिवशी असणार अगदी तसंच सगळं. "प्रत्येकानी आजींचा एक चांगला फोटो काढा." सीनियर लाल झाले. "आम्ही काय स्वयंवराला आलोय का?" म्हणाले, पण काढला त्यांनी फोटो. फ्लॅशची छत्री लावली, आजी इकडे बघा, हनुवटी जरा वर, थोडं हसा, फ्लॅश. स्वच्छ फोटो, पण आजी पासपोर्ट काढायला बसल्यासारख्या.

मी आधी ऑपरेटरला गाठून गुलाबी लाईट बंद करायला लावले, कारण हळदीच्या अंगावर गुलाबी उजेड पडला की माणूस शेंदरी दिसतो आणि ते नंतर एडिटिंगला पण धड निघत नाही. मग शटर एक शतांश सेकंदावर आणलं. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, बरेचसे साधे लाईट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट ठेवलं की फोटोत काळे पट्टे येतात, आणि ती एलईडी वॉल तर त्याहून खोडकर, म्हणून दोन-तीन टेस्ट घेऊन मगच काढला.

माझं झाल्यावर गुलाबी लाईट परत लागले. पोरगा काहीच बोलला नाही. खाली खुर्च्यांमध्ये जाऊन बसला. नात आजींचा पदर सारखा करायला वाकली, आजी तिला काहीतरी खमंग बोलल्या असणार, दोघी फुटल्या हसायला, तेवढ्यात त्यानं उडवला.

मावशींनी तिन्ही कॅमेऱ्यांचे स्क्रीन झूम करून करून बघितले. पोराच्या फोटोत मागच्या भिंतीवर आडवे पट्टे होते, चेहऱ्यावर गुलाबी झाक. तरी आजी म्हणाल्या, "ही मी आहे. बाकीच्या दोघी कोण आहेत?"

आणि निकाल तिथंच लागला. कँडिड पोराकडे, स्टेज, विधी, फॅमिली ग्रुप आणि सगळे दिवे माझ्याकडे, वर डेकोरेटरला काय बंद ठेवायचं ते मीच सांगायचं. सीनियरना येण्याजाण्याचा खर्च पाकिटात घालून दिला, तो त्यांनी घेतला नाही. मला तेव्हा राग आला होता, माझ्या हातातला कँडिडचा रेट गेला ना, पण आजींचा माझा फोटो आणि पोराचा फोटो शेजारी ठेवले तर बोलायला जागा नव्हती.

करार मावशींनी स्वतः लिहून आणला. आमच्या छापील फॉर्मवर फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओचा असं असतं, ती ओळ त्यांनी खोडली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ काढून दाखवलं, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक काम देणाराच. इन्स्टावर टाकायचे तर नवरीला विचारून. सिलेक्शन त्यांनी महिन्याभरात द्यायचं, अल्बम त्यानंतर दोन महिन्यांत, आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर. ग्रुप फोटोंची यादी जोडलेली, त्यात कोणत्या दोन चुलत्यांना शेजारी उभं करायचं नाही तेपण होतं!! आणि सगळ्यात खाली एक कलम, जे मी आता माझ्या फॉर्ममध्येच घालून टाकलंय: फोटोग्राफरांचं जेवण दुसऱ्या पंगतीला, गरम, पण दोघांनी एकदम उठायचं नाही.