क्लिकवर उघडणारे प्रश्न: क्लास बदलण्याचा माझा अनुभव

काम साधं होतं. वेबपानावर बारा प्रश्न. प्रश्नावर क्लिक केलं की उत्तर उघडायचं आणि आधीचं उघडं असेल तर ते मिटायचं. लपवणं-दाखवणं मी सीएसएसवर (पानाच्या रूपाचे नियम) सोपवलं: उत्तर एरवी 'डिस्प्ले नन', म्हणजे लपलेलं; बाहेरच्या डिव्हला (प्रश्न-उत्तर धरणारा डबा) 'ओपन' क्लास (नियम ज्यावरून लागू होतो ते नाव) लागला की 'ब्लॉक', म्हणजे दिसतं. जावास्क्रिप्टने फक्त क्लास लावायचा-काढायचा. स्टाईल थेट जावास्क्रिप्टमधून दिली तर ती इनलाइन, म्हणजे थेट त्या घटकावर, बसते आणि मोबाइलसाठी लिहिलेले साधे नियम तिच्यापुढे चालत नाहीत.

सुरुवातीला 'क्लासनेम'मध्ये (घटकाचे सगळे क्लास एकत्र धरणारी ओळ) 'ओपन' टाकलं. डिव्हचे मूळ क्लास पुसले गेले, बॉर्डर-पॅडिंग सगळं गेलं. एकच क्लास हलवायचा तर एकेक क्लास लावणारं-काढणारं 'क्लासलिस्ट'च हवं. तिथे नावाआधी टिंब द्यायचं नाही. घटक शोधणाऱ्या क्वेरीसिलेक्टरला टिंब लागतं म्हणून हात सवयीने तसाच जातो. एरर येत नाही, टिंबासकट वेगळाच क्लास चिकटतो आणि पानावर काहीच हलत नाही. अशा वेळी ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये त्या डिव्हचे क्लास वाचावेत, लगेच दिसतं.

प्रत्येक प्रश्नाच्या बटणाला वेगळा लिसनर (क्लिक झाला की चालणारा कोड) लावला होता, तर सर्व्हरवरून मागाहून आलेले प्रश्न उघडेनात. लिसनर लावला तेव्हा ते पानावर नव्हतेच. मग सगळ्यांच्या पालक डिव्हला एकच लिसनर लावला. क्लिक आतून वर चढत येतो, त्यामुळे नवे प्रश्नही आपोआप धरले जातात.

इथेच सर्वात जास्त वेळ गेला. मजकुरावर क्लिक चाले, शेजारच्या बाणावर नाही. कन्सोलमध्ये 'इव्हेंट.टार्गेट' छापल्यावर उलगडा झाला: टार्गेट म्हणजे नेमका ज्यावर क्लिक पडला तो घटक. बाणावर क्लिक केलं की टार्गेट बटण नसून आतला एसव्हीजी (बाणाचं चित्र), कधी त्यातला पाथ (चित्राची रेघ). उपाय 'क्लोझेस्ट': टार्गेटपासून वर चढत बटण शोधायचं. मोकळ्या जागेवरच्या क्लिकला ते 'नल' (काहीच नाही) देतं, म्हणून बटण नसेल तर तिथेच 'रिटर्न'.

क्रमही चुकतो. आधी सगळ्यांचा 'ओपन' काढला आणि मग टॉगल केलं (क्लास असेल तर काढणं, नसेल तर लावणं), तर उघडा प्रश्न मिटतच नाही. काढलेला क्लास टॉगल पुन्हा लावतो. म्हणून काढताना क्लिक झालेला डिव्ह वगळायचा.

टॉगल 'ट्रू' (क्लास लागला) किंवा 'फॉल्स' (निघाला) परत देतं. तेच बटणाच्या 'एरिया-एक्सपांडेड' या गुणधर्मात लिहिलं, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून सांगणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला प्रश्न उघडा आहे की मिटलेला ते कळतं. इतर डिव्ह मिटवताना त्यांच्या बटणांवर 'फॉल्स' लिहायला विसरू नये. प्रश्नासाठी डिव्ह किंवा स्पॅन न वापरता बटणच ठेवलं, कारण एंटर आणि स्पेस दोन्ही त्यावर फुकट चालतात. फक्त ते फॉर्मच्या आत असेल तर 'टाइप बटण' लिहावंच लागतं. नाही तर ते सबमिट ठरतं आणि उत्तर उघडता उघडता पान रीलोड होतं.