मार्जिनची सूट, वापराची परवानगी आणि झोन बदल: सोलापुरात अर्ज टाकण्याआधी

‘प्रीमियम (सुटीचं शुल्क) भरू, होऊन जाईल’ या हिशेबावर काढलेले प्लॅन महापालिकेत अडकून पडतात. बहुतेक वेळा अडचण एक असते आणि अर्ज भलत्याच गोष्टीचा गेलेला असतो.

मार्जिनपासून, म्हणजे बांधकामाभोवती सोडायच्या मोकळ्या जागेपासून, सुरुवात करू. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (यूडीसीपीआर) डिसेंबर 2020 मध्ये आली. खरी अडचण दाखवता आली तर मोजमापांत लेखी सूट देण्याचा अधिकार तिच्यात आयुक्तांना आहे. मात्र रस्त्याकडचं मार्जिन, एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येईल ते) आणि पार्किंग यांत ही सूट मिळत नाही. नियमावलीतच वेगळी तरतूद असेल तेवढाच अपवाद. म्हणजे हाती उरतं ते मुख्यतः बाजूचं आणि मागचं मार्जिन, आणि तिथेही आग, मजबुती, आरोग्य, शेजाऱ्यांची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये.

अडचण प्लॉटची हवी, प्लॅनची नव्हे. मोजणीत प्लॉट मागे निमुळता निघाला, ही अडचण. चौथी बेडरूम बसत नाही, ही हौस. समजा 1.5 मीटर हवे तिथे एका कोपऱ्यात 1.2 मीटरच मिळतात. मग मोजणी नकाशावर तेवढाच तुकडा रंगवून दाखवावा, लांबी लिहावी आणि त्या बाजूला खोलीची एकमेव खिडकी येणार नाही असा प्लॅन काढावा. ‘मार्जिनमध्ये सवलत मिळावी’ असं मोघम लिहिलं की त्रुटी निघालीच. सूट अटींसह येते: प्रीमियम, अनामत, नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून देणं. साखर पेठ, बुधवार पेठेसारख्या जुन्या भागात आधी विकास आराखड्यात प्लॉट दाटवस्तीत दाखवलाय का ते पाहा. तिथे मार्जिनचे नियम मुळातच वेगळे, कदाचित सूट मागावीच लागणार नाही.

वापराचा प्रश्न निराळा. पूर्व भागात खाली माग, वर घर ही जुनी रीत. रहिवासी झोनमध्ये काय चालेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि छोट्या उद्योगांना हॉर्सपॉवर, कामगार, क्षेत्रफळ यांच्या मर्यादा असतात. रुंदी टेप लावून नव्हे, विकास आराखडा किंवा मंजूर लेआउटवरून धरतात. आराखड्यात रस्तारुंदी असेल तर तेवढी जागा सोडूनच मार्जिन मोजायचं. इथे चुकलं की सगळा प्लॅन नव्याने काढावा लागतो.

शेती झोनमधल्या जागेवर नियमात न बसणारं काही उभारायचं असेल तर आयुक्तांची सूट कामाची नाही. तो एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 37 चा, म्हणजे विकास आराखड्यातला फेरबदल: महापालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, हरकती, सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. त्याच्या भरवशावर बँकेचं कर्ज उचलू नये. 1992 च्या हद्दवाढीतल्या भागात प्लॉट घेताना झोन दाखला आणि भाग नकाशा आधी काढा. तिथले कित्येक तुकडे गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट, आणि ते नियमित करण्याचा रस्ता वेगळ्या कायद्यातून जातो, 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्यांसाठी.

नकार आला तर लेखी आदेश घ्या. कलम 47 खाली शासनाकडे अपील करायला 40 दिवस मिळतात. मूळ अर्जाला 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, पण प्लॅन नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. सूट मागितलेला प्लॅन त्यात बसत नाही, त्यामुळे त्या 60 दिवसांच्या तरतुदीवर विसंबून पाया खणू नका.