आमची वाटचाल : रिवाइंडिंगपासून हाय-स्पीड ड्राइव्हपर्यंत

भोसरीत आमची सुरुवात मोटर रिवाइंडिंगने झाली. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, अशी नेहमीची कामं. पुढे लाकूड कोरणाऱ्या सीएनसी राउटरचे (संगणकावर चालणारं कोरणयंत्र) स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या वेगवान मोटरी, जळून येऊ लागले. वाइंडिंग भरून दिलं तरी तोच स्पिंडल परत यायचा, कारण खोट ड्राइव्हच्या (मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची आणि व्होल्टेजची वीज देणारं यंत्र) सेटिंगमध्ये असायची.

हे स्पिंडल दोन पोलचे : २२० व्होल्ट, ४०० हर्ट्झ, २४,००० आरपीएम. व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात लागतो, म्हणजे ५० हर्ट्झला त्यांना जेमतेम २७–२८ व्होल्ट हवेत. ड्राइव्हची बेस फ्रिक्वेन्सी (जिथे पूर्ण व्होल्टेज मिळतो ती) कारखान्यातून येते तशी ५० वरच राहिली, तर तिथेच पूर्ण २२० व्होल्ट मिळतात. लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), करंट भडकतो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून स्पिंडल जोडण्याआधी बेस आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० करायच्या. कॅरियर, म्हणजे ड्राइव्हचा स्विचिंगचा वेग, ४ किलोहर्ट्झ असेल तर एका आवर्तनात दहाच पल्स बसतात. आम्ही ८ ते १० किलोहर्ट्झ ठेवतो. त्याने ड्राइव्ह जास्त तापतो, त्यामुळे एक साइज मोठा घ्यावा. थांबवताना ओव्हरव्होल्टेज ट्रिप आला की आधी डिसेलरेशनचा (वेग उतरवण्याचा) वेळ वाढवायचा, नाही भागलं तर ब्रेकिंग रेझिस्टर (जादा ऊर्जा उष्णतेत घालवणारा) लावायचा.

मग आम्ही परमनंट मॅग्नेट मोटरचे कंट्रोलर स्वतः बनवायला घेतले. खरी कसोटी इथे लागते. चार पोल, २४,००० आरपीएम म्हणजे ८०० हर्ट्झ. करंट मोजल्यापासून व्होल्टेज मोटरवर पोचेपर्यंत साधारण दीड सॅम्पल (सॅम्पल म्हणजे दोन मोजण्यांमधला वेळ) जातो. १० किलोहर्ट्झला तो १५० मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात रोटरचा इलेक्ट्रिकल कोन ४३ अंश पुढे सरकतो! ३,००० आरपीएमला हाच फरक पाच-साडेपाच अंश, म्हणून टेबलावर सगळं छान चालतं आणि वेग चढवला की करंट डोलायला लागतो. बहुतेक जण अशा वेळी गेन, म्हणजे कंट्रोलर चूक किती जोरात दुरुस्त करतो ते, कमी करतात. त्याने दुखणं फक्त लपतं. व्होल्टेजचा कोन तेवढा पुढे ढकलायचा, डी आणि क्यू अक्षांचा (मॅग्नेटच्या दिशेचा आणि तिला काटकोनातला) एकमेकांवरचा परिणाम काढणारं डीकपलिंग घालायचं आणि मगच गेनला हात लावायचा. प्रपोर्शनल गेन इंडक्टन्सवरून, इंटिग्रल रेझिस्टन्सवरून. दोन्ही आम्ही गरम मोटरवर मोजतो.

फील्ड वीकनिंगची (मॅग्नेटचं क्षेत्र करंटने कमी करून वेग वाढवण्याची) मागणी हल्ली फार येते. ते चालू असताना ड्राइव्ह ट्रिप झाला, तर मॅग्नेटचा बॅक-ईएमएफ (फिरत्या मोटरने स्वतः तयार केलेला व्होल्टेज) डायोडमधून सरळ डीसी बसवर (ड्राइव्हमधल्या कपॅसिटरच्या डीसी ओळीवर) चढतो. कमाल वेगाला लाइन-टू-लाइन शिखर व्होल्टेज कपॅसिटरच्या रेटिंगपेक्षा जास्त निघालं, तर ते काम आम्ही घेत नाही. ग्राहक कितीही घाईत असला तरी.