दाखल्याची खपली

लेकीच्या कांजिण्या सहा दिवसांत सुकल्या. ती बरी झाल्याचा, शाळेला लागणारा डॉक्टरी दाखला मिळवायला पुढचे चार दिवस गेले, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

पोटावर पहिला दाणा दिसला तेव्हा मला डास चावला असं वाटलं. फोंड्यात डासांना काय तोटा! संध्याकाळी पाठीवर, केसांत पाण्याच्या थेंबासारखे फोड. लाल ठिपका, भरलेला फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसले की कांजिण्याच, असं आमचे डॉक्टर म्हणाले. तापाला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. नखं कापली, कॅलामाइन लावलं. सासूबाईंनी उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला, तो राहू दिला. आंघोळ मात्र बंद करू दिली नाही.

मग शाळा. "खपल्या गळेपर्यंत नको, आणि दाखला सरकारी डॉक्टरचाच हवा." आरोग्य केंद्रात गेले तर ओपीडी संपलेली. दुसऱ्या दिवशी केसपेपर काढून दीड तास रांगेत, नंबर आला तर म्हणे मुलीला आणा. माझ्या शेजारी बाकावर एक गरोदर बाई होती, आणि गरोदरपणात कांजिण्या धोक्याच्या; फोड ओले असते तरी हेच सांगितलं असतं का? तिसऱ्या दिवशी लेकीला नवऱ्याबरोबर बाहेर स्कूटरपाशीच थांबवलं. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, बाही वर करून बघितलं. "सगळें सुकलां गो!" सही झाली. शिक्का कपाटात, आणि कपाटाची चावी घेऊन क्लार्क शिगम्याला गावी. चौथ्या दिवशी शिक्का मिळाला. शाळेत तो कागद न वाचताच फायलीत गेला.

सगळ्या फोडांवर खपली धरली आणि नवा फोड नसला की मूल शाळेत जाऊ शकतं. खपल्या गळायची वाट बघू नका. आणि कोणाचा दाखला लागतो, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

हां, सुरुवात सांगायची राहिलीच. पंधरा दिवस आधी सासूबाईंच्या कमरेवर एका बाजूला नागीण उठली होती आणि लेक त्यांच्याच कुशीत झोपायची. विषाणू एकच. नागिणीच्या फोडांतून दुसऱ्याला कांजिण्या होतात; नागीण मात्र कोणाकडून लागत नाही, आपल्याच जुन्या कांजिण्यांचा मज्जातंतूत दबून बसलेला विषाणू जागा होतो. "तोंड शेपटीला भिडलं तर?" म्हणून त्या रात्र रात्र जागल्या. ती बहुधा एकाच बाजूला राहते.

कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही म्हणून आम्ही टाळली होती. लेकीला फोड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांच्या धाकट्याला टोचून आणलं. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत दिली तर उपयोग होतो. त्याला तीनच फोड आले.