‘हे मांजरच आहे’ एवढं लिहून मिळवताना : माझा अनुभव

बंगाल जातीचं, बिबट्यासारख्या ठिपक्यांचं मांजर नागपुरात पाळलं तर लोक फोटो काढतात. पूर्व विदर्भात, जंगलाला लागून असलेल्या गावात पाळलं तर वनरक्षकाला फोन जातो. “भाऊनं बिबट्याचं पिल्लू ठेवलं हाय घरी”, एवढं पुरतं. यात गावकऱ्यांना मी दोष देत नाही. धान कापताना बांधीत रानमांजराची पिल्लं सापडतात, कधी वाघाटीची (ही त्याहून लहान, ठिपकेदार रानटी मांजर), आणि ‘जंगली जनावर घरी ठेवू नका’ हे वन विभागानंच सांगितलेलं असतं. माझा राग आहे तो त्यानंतरच्या कागदावर.

मांजर मिळवणं, आणणं, रुळवणं सगळं सुरळीत झालं. अडलं ते दाखल्यापाशी. वन कार्यालय म्हणे, पशुवैद्यकाकडून ‘हा वन्यप्राणी नाही’ असं लिहून आणा. पशुवैद्यकीय दवाखाना म्हणे, वन्यप्राणी कोणता ते ठरवणं वन विभागाचं काम, आम्ही फक्त ‘मांजर, रंग ठिपकेदार’ लिहू. तो कागद दिला की पुन्हा परत, कारण वाघाटीही ठिपकेदारच. दोन्ही टेबलं आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे तुम्ही उन्हात उभे.

कोंडी फुटते ती मागणी बदलल्यावर. पशुवैद्यकानं कायद्याचा निष्कर्ष द्यायचाच नाही, त्यानं प्राण्याची जात लिहायची : ‘फेलिस कॅटस, घरगुती मांजर, बंगाल’. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचींमध्ये फेलिस कॅटस नाही, हे वन कार्यालयाला स्वतः पाहता येतं. दाखल्यात लिंग, वजन, दातांवरून वय, कानामागचा रंग, शेपटीचं वर्णन, मायक्रोचिपचा क्रमांक आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. यातलं एक राहिलं तरी कागद परत येतो.

सगळ्यात पक्का पुरावा दातांचा आहे आणि तोच कुणी बघत नाही. मांजराचे दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत कायमचे सगळे आलेले असतात. कायमचे सुळे असलेला आणि तरी साडेचार-पाच किलोचाच प्राणी बिबट्याचं पिल्लू असूच शकत नाही. त्या वयाचा बिबट्या कितीतरी जड असतो. कान मागून पाहा : बिबट्याचे आणि लेपर्ड कॅटचे (ही बिबट्या नव्हे, मांजराएवढी ठिपकेदार रानटी मांजर) कान मागे काळे, मधे स्पष्ट पांढरा ठिपका. बंगालमध्ये तो सहसा नसतो, असला तरी फिकट. वाघाटी पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास, अंगावर तांबूस ठिपके आणि शेपटीवर ठळक कडी नाहीत. मोठ्या रानमांजराच्या अंगावर ठिपकेच नसतात. पाय लांब, शेपूट आखूड. बंगालचे ठिपके मात्र पुष्कळदा दोन रंगांचे : गडद कडा आणि आत तपकिरी.

दोन्ही कुशींचे स्वच्छ फोटो जोडा. पट्ट्यांवरून वाघ ओळखणाऱ्या खात्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे लेखी द्या, प्रतीवर आवक क्रमांक घ्या आणि पाहणी घरी येऊन करावी अशी विनंती त्यातच लिहा. मे महिन्यात पिंजऱ्यात घालून कार्यालयाच्या व्हरांड्यात मांजर ठेवायला कबूल होऊ नका. नेणारच असतील तर चिप क्रमांकासह पंचनामा मागा.

चिप आधीच बसवून घ्या. ती दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली बसते. क्रमांक १५ अंकी. तोच क्रमांक खरेदीच्या पावतीवर, लसीच्या कार्डावर आणि दाखल्यावर आला की वाद उरत नाही. माझा कागद शेवटी याच जुळणीवर मंजूर झाला आणि तो हातात आला तेव्हा फार हलकं वाटलं.

घेतानाच पिढी विचारा. जीन मिल यांनी अमेरिकेत १९६३ मध्ये लेपर्ड कॅट आणि घरगुती मांजराचा संकर केला, तिथून ही जात निघाली. टीआयसीए या मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संघटनेनं १९८६ मध्ये ती नवीन जात म्हणून स्वीकारली. पहिल्या तीन पिढ्यांत रानटी अंश बराच असतो, नर बहुधा वांझ निघतात आणि स्वभाव घराला मानवत नाही. आपल्याकडे तर लेपर्ड कॅट त्याच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्या पिढ्यांच्या वाटेला जाऊच नका. वंशावळीवर ‘एसबीटी’ लिहिलेलं असेल तर मागच्या तीन पिढ्या बंगाल-बंगाल अशाच आहेत. आई-बापाचे पीके डेफिशियन्सी (रक्तक्षय करणारा) आणि पीआरए-बी (दृष्टी घालवणारा) या दोन आनुवंशिक दोषांचे डीएनए अहवाल, आणि हृदयाची सोनोग्राफी मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर परत फिरा.

तालुक्याच्या दवाखान्यात लाळ्या-खुरकुताची लस असते, मांजराची बहुधा नसते. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन विषाणूजन्य रोगांवरची एकत्र लस) ८ आणि १२ आठवड्यांना, शेवटचा डोस १६ आठवडे उलटल्यावर; रेबीज १२ आठवड्यांनंतर. नागपूरहून आणायची तर २ ते ८ अंशांत. रेबीजची कुपी बर्फाला टेकू देऊ नका, गोठली की वाया.

बंगालला पाण्याचं वेड असतं आणि आपल्याकडे घरोघर लोखंडी कूलर. टाकीत पंजा घालणारच. अर्थिंग तपासा, जमलं तर प्लास्टिकचा कूलर घ्या. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर तो खेळ नाही, उष्माघात आहे : साध्या पाण्यानं अंग भिजवा, बर्फ नको, आणि लगेच डॉक्टर गाठा.

दूध-भाकरीवर हे मांजर जगत नाही. पाच किलोच्या मांजराला रोज साधारण ७० ग्रॅम कोरडं मांजरखाद्य पुरतं. उकडलेली कोंबडी द्याल तर पाण्यासकट द्या, मांजराला अत्यावश्यक असलेलं टॉरिन हे पोषकद्रव्य त्या पाण्यात उतरतं; पण नुसत्या कोंबडीनं कॅल्शियम कमी पडतं.

कौलारू घरात भिंत आणि छपरामधली फट वेल्ड जाळीनं बंद करा, कोंबड्यांच्या पातळ जाळीनं नाही. अंगणातल्या कुंपणालाही वरून जाळी हवी, सहा फूट हे चढून जातं. सहाव्या महिन्याच्या आत नसबंदी करा, नाहीतर बोका घरभर फवारे मारतो आणि संधी मिळाली की रानात जातो. तिथे कुत्रे आणि खरा बिबट्या दोन्ही आहेत.

आणि ढोरांच्या गोचिडांचं औषध : डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ यातलं काहीही मांजराला लावू नका. गोठ्यात फवारणी केली तर जमीन आणि ढोरांची अंगं पूर्ण वाळेपर्यंत मांजर घरात कोंडून ठेवा. अंग थरथरायला लागलं तर साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.