जीआयएस क्लाउड प्लॅटफॉर्म तपासण्याचा माझा अनुभव

स्मार्ट सिटी मिशनच्या १०० शहरांत आम्ही नाही, रत्नागिरी जिल्ह्यातली साधी नगरपरिषद आमची, पण घरपट्टी, पाण्याच्या लाईनी, पूररेषा सगळं जीआयएसच्या, म्हणजे माहिती नकाशाला जोडून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, एका क्लाउडवर आणायचं ठरलं आणि कोणत्या कंपनीचा प्लॅटफॉर्म बरा ते तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डेमो सगळ्यांचेच झकास, थ्रीडी इमारती, रंगीत डॅशबोर्ड, साहेब खूश. मी म्हटलं तुमचा नको, आमचा एक वॉर्ड टाका नि मग दाखवा.

तिथे खरी मजा आली. टेपने मोजलेलं १००० चौरस फुटांचं एक कौलारू घर एका प्लॅटफॉर्मवर ११०० च्या आसपास यायला लागलं. कंपनीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ड्रोनला छप्पर दिसतं, वळचण धरली गेली असणार." पटण्यासारखं होतं खरं, कोकणातली छपरं भिंतीबाहेर असतातच. म्हणून मग शाळेचं मैदान मोजायला लावलं, त्याला कुठली आलीय वळचण! तेही जवळपास १० टक्के जास्तच. म्हणजे हे लोक क्षेत्रफळ थेट वेब मर्केटरमध्ये (गोल पृथ्वी सपाट करून दाखवायची ऑनलाइन नकाशांची पद्धत) काढत होते, मागचा नकाशा त्यात असतो ना, म्हणून. विषुववृत्तापासून लांब जावं तसं त्यात सगळं फुगतं, आपल्या १७ अक्षांशाला लांबी ५ टक्क्यांच्या आसपास नि क्षेत्रफळ १० च्या. तेच पॉलिगॉन, म्हणजे आखलेली हद्द, क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ (आपल्या भागासाठीची, मोजमाप जवळपास खरं ठेवणारी नकाशा पद्धत) लावून काढलं तर मैदान बरोब्बर आलं. या आकड्यावर बिलं गेली असती तर गाव ऑफिसात येऊन बसलं असतं.

आयएसओ १९१५७ या नकाशा-डेटाच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकात डेटा पूर्ण आहे का, जागेवर आहे का, माहिती बरोबर आहे का, कधीची आहे, असं सगळं तपासायला सांगितलंय. पूर्ण आहे का ते बघायला वसुलीवाल्या काकांना घेऊन खाडीकडची आळी पायी फिरले, माडांखाली झाकलेली घरं नकाशातल्या घरांच्या लेयरवर नव्हतीच! काकांना मात्र थकबाकीसकट पाठ. हा दोष सर्व्हेचा, प्लॅटफॉर्मचा नव्हे, पण ते घर मोबाईलवर तिथल्या तिथे भरता येतं का हे मी बघितलंच, आणि तेही नेट बंद करून, कारण जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा नेटवर्कचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

सर्व्हर भारतातच हवा, २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार १ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा देशाबाहेर ठेवता येत नाही आणि ड्रोनचा त्याहून कितीतरी बारीक असतो. हे सगळेच हो म्हणाले, मी लेखी मागितलं. आणि उद्या कंपनी बदलली तर डेटा बाहेर कसा काढणार? एकाने शेपफाईल (नकाशा-डेटाचा जुना फाईल प्रकार) दिली त्यात मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, म्हटलं जिओपॅकेजमध्ये द्या, त्या नव्या प्रकारात मराठी अक्षरं नीट राहतात.

क्षेत्रफळवाल्यांनी नंतर दुरुस्ती केली. तरी करारात अट घालून घेतली, टेपने मोजलेल्या मालमत्ता प्लॅटफॉर्मवर जुळल्याशिवाय पहिला हप्ता निघणार नाही. अकाउंटवाल्यांना ही अट फारच आवडली.