तुम्ही विचारलंत म्हणून: एकच मशीन घ्यायचं तर कुठलं?

"मॅडम, पैसे एकाच मशीनपुरते आहेत. ऑप्टिकल घेऊ की पेट?" उंदराच्या कॅन्सरच्या गाठीवर औषध लागू पडतंय का हे बघायला निघालेलं प्रत्येक नवं पोर मला हे विचारतं. ऑप्टिकल म्हणजे पेशींतून निघणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा; पेट म्हणजे टोचलेलं किरणोत्सर्गी द्रव्य (ट्रेसर) शरीरात कुठे साठतं ते दाखवणारा स्कॅनर. गेल्या आठवड्यात पुन्हा दोघींनी विचारलं. "तुमचं औषध काय करतं?" असं मी उलट विचारते आणि समोरचा चेहरा उतरतो. मी टाळते असं वाटतं तुम्हाला. टाळत नाही.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी बेधडक ऑप्टिकल म्हटलं असतं. काजव्याचं ल्युसिफरेज (प्रकाश पाडणारं एन्झाइम) बसवलेल्या पेशी, पोटात ल्युसिफेरिनचं, म्हणजे त्याच्या इंधनाचं, इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, की पाच उंदीर एकदम कॅमेऱ्याखाली. किरणोत्सर्गाची भानगड नाही. पेटच्या ट्रेसरमधल्या फ्लोरिन-18चं अर्धं आयुष्य 110 मिनिटांचं. ट्रेसरची गाडी तासभर ट्रॅफिकमध्ये अडकली की जवळजवळ एक तृतीयांश माल वाटेतच संपतो.

तेव्हा आम्ही गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारं एक औषध तपासत होतो. डोसच्या दुसऱ्या दिवशी सिग्नल दहापटीने उतरला. आठही उंदरांत. मी रात्रीच सरांना फोन केला, ग्रुप मीटिंगसाठी स्लाइड बनवली, शीर्षकात "गाठ विरघळली" या अर्थाचे शब्द घातले. सर म्हणाले, पेट करून घे. मी वाद घातला. प्रकाशच दिसत नाही, आता अजून काय बघायचं?

दोन दिवसांनी स्कॅन झाला. गाठीच्या मधोमध काळोख आणि भोवती एफडीजीची, म्हणजे फ्लोरिन-18 लावलेल्या साखरेची, जाड कडी. उंदीर मारून गाठी कापल्या, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवरही तेच: मध्ये मेलेला लगदा, कडेला जिवंत, विभागणाऱ्या पेशी. ल्युसिफरेजला चमकायला ल्युसिफेरिन लागतं, ऑक्सिजन लागतो, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी लागतं. ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजन दोन्ही रक्तातूनच येतात, आणि रक्ताची वाट तर आमच्याच औषधाने बंद केली होती. तेल पोचेना म्हणून मंदावलेली ज्योत मी विझली असं लिहून बसले होते. मीटिंगमध्ये ते मला उभं राहून मागे घ्यावं लागलं. मारलेले आठ उंदीर माझ्या वहीत अजून नंबरानिशी आहेत.

म्हणजे पेट खरं आणि प्रकाश खोटा? नाही. एफडीजीही रक्तातूनच जातं. स्लाइड नसत्या तर त्या कडीवरही मी विश्वास ठेवायला नको होता. शिवाय मी दर वेळी बाराव्या मिनिटाला एकच फोटो घेत होते. पुरवठा मंदावला की सिग्नलचं शिखर उशिरा येतं. चाळीस मिनिटं फोटो घेत राहिले असते तर वक्र सरकलेला दिसला असता. चूक कॅमेऱ्याची किती आणि माझी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पेटनेही मला फसवलंय. रेडिएशन दिलेल्या गाठीत एफडीजी वाढलेलं दिसलं, औषध हरलं असं वाटलं. स्लाइडवर सूज आणि मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) निघाले, तेही साखर खातात. उंदीर गार पडला तर खांद्यांमधली तपकिरी चरबी गाठीसारखी पेटते. आणि मिलिमीटरभराच्या मेटास्टॅसिस, म्हणजे इतरत्र पसरलेल्या गाठी, पेटमध्ये विरून जातात, तिथे ल्युसिफरेजच उपयोगी पडतं.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. माणसात ल्युसिफरेज घालता येत नाही. इमॅटिनिब या औषधावर जिस्टच्या (पचनमार्गातल्या एका कॅन्सरच्या) रुग्णांत गाठ आकसण्याआधीच, काही दिवसांत, एफडीजी खाली येतं, हे रुग्णांवर दिसलेलं आहे. उंदरावर केलेलं पेट त्याच भाषेत बोलतं. तेव्हाची मी म्हणाले असते, आधी उंदीर तर समजून घे, माणूस नंतर. तिचंही चूक नव्हतं. स्वस्तात, रोजच्या रोज, तोच उंदीर पुन्हा पुन्हा बघता येणं ही छोटी गोष्ट नाही.

गेल्या आठवड्यातल्या दोघींपैकी एकीचं औषध रक्तवाहिन्यांवरचंच आहे. तिला मी अजून मशीनचं नाव सांगितलेलं नाही. डोसच्या आधीचा आणि नंतरचा, प्रकाशाच्या सिग्नलचा पूर्ण चाळीस मिनिटांचा वक्र मागितलाय.